गणकयंत्राचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द मराठी माणसाच्या कानांस नवा नाहीं. देवळाचा गाभारा खचला, घाटाच्या पायऱ्या पुरानें नेल्या किंवा गांवची बारव गाळानें भरून गेली, म्हणजे चार शहाणीं माणसें एकत्र बसतात, वर्गणी गोळा होते आणि कामास हात लागतो. अहिल्याबाई होळकरांचें नांव महेश्वरापासून काशीपर्यंत आजही आदरानें घेतलें जातें, तें त्यांच्या राज्यकारभारासाठीं जितकें, तितकेंच त्यांनीं बांधविलेल्या व सांवरलेल्या देवळांसाठीं, घाटांसाठीं आणि धर्मशाळांसाठीं. परंतु दगडाचा जीर्णोद्धार आणि यंत्राचा जीर्णोद्धार यांत एक मोठा भेद आहे. देऊळ पुन्हां उभें राहिलें कीं काम संपलें. यंत्र नुसतें उभें राहून भागत नाहीं. तें चालावें लागतें. चालण्यासाठीं त्याचे झिजलेले भाग बदलावे लागतात, आणि भाग बदलले म्हणजे तें यंत्र पूर्वीचेंच राहिलें किंवा नाहीं, असा प्रश्न निघतो. जुन्या संगणकांच्या बाबतींत हा प्रश्न गेल्या पाव शतकांत पुन्हां पुन्हां उपस्थित झाला आहे. त्याचें उत्तर शोधावयाचें, तर एका विशिष्ट यंत्राची कुळकथा पाहणें सोयीचें होईल.

या कथेचा आरंभ १९५७ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत मेनार्ड या लहानशा गांवीं झाला. तेथें लोकरीच्या कापडाची एक जुनी प्रचंड गिरणी होती व तिचा मूळ धंदा बंद पडला होता. केन ओल्सेन व हार्लन अँडरसन या दोन एंजिनियरांनीं सत्तर हजार डॉलरांच्या भांडवलावर त्या गिरणींतील थोडी जागा भाड्यानें घेतली आणि ‘डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन’ ही कंपनी काढली. त्या काळीं संगणक म्हणजे एक मोठें दालन व्यापणारें, पांढऱ्या डगल्यांतील सेवकांनीं वेढलेलें आणि लक्षावधि डॉलर किंमतीचें प्रस्थ असे. संगणकाच्या धंद्यांत पैसा बुडतो, अशी भांडवलवाल्यांची समजूत होती. म्हणून नव्या कंपनीनें आपल्या यंत्राला संगणक हें नांवच दिलें नाहीं. ‘प्रोग्रॅम्ड डेटा प्रोसेसर’, संक्षेपानें पी.डी.पी., असें साधें नांव ठेविलें.

पहिलें पी.डी.पी. १९५९ च्या अखेरीस तयार झालें. त्याची किंमत १,२०,००० डॉलर होती व तीं यंत्रें सारीं मिळून ५३ च्या आसपासच बनलीं. १९६५ सालीं त्याच कंपनीनें पी.डी.पी.-८ हें यंत्र अवघ्या १८,००० डॉलरांस विक्रीस काढलें. तें टेबलावर मावत असे. एखादें विद्यापीठ, एखादा कारखाना, एखादें रुग्णालय यांना स्वतःचा संगणक बाळगणें प्रथमच शक्य झालें. लहान मापाच्या या यंत्रवर्गाला मिनिकॉम्प्यूटर असें नांव पडलें. आज खिशांत मावणाऱ्या यंत्रांच्या मानानें हीं कपाटाएवढीं यंत्रें लहान कशीं म्हणावीं, असें कोणास वाटेल. परंतु लहान-मोठें हें नेहमीं शेजाऱ्याकडे पाहूनच ठरतें.

या घराण्यांतील सर्वांत कर्तबगार पुरुष म्हणजे १९७० च्या आरंभीं जाहीर झालेला पी.डी.पी.-११. पुढील वीस वर्षांत या वंशाचीं सुमारें सहा लाख यंत्रें विकलीं गेलीं असें मानतात. त्याची थोरवी केवळ वेगांत नव्हती. ती त्याच्या रचनेंत होती. आधींच्या यंत्रांत गणित करणारा भाग मध्यभागीं असे, आणि स्मृतिकोश, कागदी फितीचें यंत्र, टंकयंत्र, चुंबकीय तबकडी हीं सर्व निरनिराळ्या तारांनीं त्या एका मध्याशीं जोडलेलीं असत. गॉर्डन बेल आणि हॅरोल्ड मॅकफार्लंड यांच्या विचारांतून निराळी कल्पना पुढें आली. सर्वांसाठीं एकच राजरस्ता बांधावा, आणि गणित करणारा भागसुद्धां त्या रस्त्याकांठचें एक घर असावें. या रस्त्याचें नांव ‘युनिबस’. त्यांत संदेश वाहणाऱ्या ५६ वाटा होत्या. पैकीं १६ वाटांवरून आंकडे जात, १८ वाटांवरून पत्ता जाई आणि उरलेल्या वाटा ‘कोणी बोलावें, कोणी थांबावें’ या शिस्तीसाठीं होत्या. या योजनेंत टंकयंत्र काय किंवा तबकडी काय, प्रत्येकास स्मृतिकोशांतील घरांसारखाच एक घरक्रमांक असे. अमुक क्रमांकाच्या घरांत अक्षर टाकलें कीं तें टंकयंत्रावर उमटे. यंत्रांतील सर्व पाहुण्यांना एकाच भाषेंत हांक मारण्याची ही सोय त्या काळीं फार मोठी होती.

हा राजरस्ता प्रत्यक्षांत जेथें दिसतो, त्या भागाला बॅकप्लेन म्हणतात. कपाटाच्या आंत मागील बाजूस ओळीनें खोबणी बसविलेल्या असतात. पुढून त्या खोबणींत इलेक्ट्रॉनिक कार्डें सरकवितात. मागून पाहिलें तर शेंकडों बारीक खिळ्यांचें शेत दिसतें आणि त्या खिळ्यांना केसाएवढ्या जाडीच्या तारा गुंडाळलेल्या असतात. डाख न लावतां, तार नुसती ताणून गुंडाळून केलेले हे सांधे अर्धशतकानंतरही बहुधा शाबूत सांपडतात. घरांतील माणसें बदलावीं आणि वाडा तोच राहावा, तसा या व्यवस्थेंत बॅकप्लेन हा वाडा आणि कार्डें हीं माणसें होत.

वाडा एक व माणसें बदलतीं, या तत्त्वाचा परिणाम फार दूरवर पोंचला. रस्त्याचे नियम पाळणारें कार्ड कोणी बनविलें आहे, याची यंत्राला फिकीर नसते. त्यामुळें स्मृतिकोशाचीं, तबकडी चालविण्याचीं आणि पुढें पुढें गणित करणारीं कार्डें दुसरे कारखानदारही बनवूं लागले. मूळ कंपनीनें स्वतःही १९७५ सालीं एल.एस.आय.-११ हें छोटें प्रोसेसर कार्ड काढलें. त्यासाठीं ‘क्यू-बस’ हा अरुंद रस्ता आंखला. त्यांत पत्ता आणि आंकडा यांना वेगळ्या वाटा न देतां, एकाच वाटेनें आधीं पत्ता व मागून आंकडा पाठविण्याची काटकसर होती. या क्यू-बसच्या खोबणींत बसणारीं कार्डें पुढें वीस वर्षें निघत राहिलीं. मूळ कंपनीचें या यंत्रांवरील लक्ष उडाल्यावर आयर्लंडमधील मेंटेक या कंपनीनें १९९४ सालीं त्यांच्या प्रोग्रॅमांचे हक्क घेतले व जुन्या बॅकप्लेनांत बसणारीं नवीं प्रोसेसर कार्डें पुरविलीं.

रस्त्याचे नियम ज्यांना विकत मिळत नव्हते, त्यांनीं ते पाहून पाहून उचलले. शीतयुद्धाच्या काळांत पाश्चात्य राष्ट्रांनीं असलीं यंत्रें पूर्वेकडील राष्ट्रांना विकण्यावर निर्बंध घातले होते. तेव्हां बुडापेस्ट येथील केंद्रीय भौतिकी संशोधन संस्थेनें ‘टी.पी.ए.’ नांवाचीं यंत्रें बनविलीं. त्यांतील कांहीं पी.डी.पी.-८ चे व कांहीं पी.डी.पी.-११ चे प्रोग्रॅम चालवीत. सोव्हिएत संघांत ‘एस.एम.-४’ व ‘इलेक्ट्रोनिका-६०’ हीं यंत्रें त्याच धर्तीवर निघालीं. मॉस्कोच्या विज्ञान अकादमीच्या गणनकेंद्रांत अलेक्सेइ पाजित्नोव्ह यांनीं १९८४ च्या सुमारास ‘टेट्रिस’ हा जगभर गाजलेला खेळ प्रथम रचला, तो याच इलेक्ट्रोनिका-६० यंत्रावर. मात्र नकलेंत एक गंमत राहून गेली. अमेरिकन चिपांच्या पायांतील अंतर इंचाच्या मापानें ठरलेलें, म्हणजे २.५४ मिलिमीटर, सोव्हिएत चिपांचें अंतर मेट्रिक मापानें २.५ मिलिमीटर. एका पायाशीं हा फरक डोळ्यांस दिसत नाहीं; पण वीस पायांच्या रांगेंत तो पाऊण मिलिमीटरवर जातो आणि चिप खोबणींत बसत नाहीं. विद्युत्-भाषा एक असली तरी हाताचें माप निराळें असूं शकतें, हा धडा जीर्णोद्धार करणारास फार उपयोगी पडतो.

मुंबईचाही या युगाशीं निकटचा संबंध आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० सालीं पूर्णपणें चालूं झाला होता. त्यानंतर ट्रॉम्बे येथील अणुसंशोधन केंद्रांतील एंजिनियरांनीं टी.डी.सी.-१२ हा छोटा संगणक रचला व १९६९ सालीं विक्रम साराभाई यांच्या हस्ते त्याचें उद्घाटन झालें. पी.डी.पी.-८ प्रमाणेंच याचाही एक शब्द १२ बिटांचा होता. पुढें हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशननें या मालिकेंतील यंत्रें बनविलीं व त्यांत १६ बिटांचें टी.डी.सी.-३१६ हेंही आलें. परदेशी चलनाची टंचाई आणि सुटे भाग मिळण्याची अडचण असतांना ज्यांनीं हीं यंत्रें उभीं केलीं, त्यांच्यापैकीं जे हयात असतील ते आज ऐंशीच्या घरांत असावयाचे. हा मुद्दा पुढें पुन्हां विचारांत घ्यावा लागेल.

मिनिकॉम्प्यूटरचा काळ जसा झपाट्यानें आला, तसाच झपाट्यानें गेला. एका चिपवर मावणाऱ्या प्रोसेसरानें १९८० नंतर त्यांचें क्षेत्र बळकावलें. मेनार्डची ती कंपनी १९९८ सालीं कॉम्पॅक कंपनीनें विकत घेतली आणि २००२ सालीं कॉम्पॅकही ह्यूलेट-पॅकार्डमध्यें विलीन झाली. इकडे यंत्रें तळघरांत, गोदामांत आणि भंगारवाल्यांच्या अंगणांत जाऊन पडलीं. कार्डांच्या कडेला संपर्कासाठीं सोन्याचा मुलामा दिलेल्या पट्ट्या असतात. त्या पातळ सोन्याच्या लोभानें असंख्य कार्डें आगींत किंवा तेजाबांत गेलीं. उरलीं, तीं बहुधा कोणाच्या तरी विसरभोळेपणामुळें उरलीं.

अशा उरलेल्या यंत्राचा जीर्णोद्धार कसा होतो, हें आतां क्रमानें पाहूं जातां, पहिला नियम निषेधाचा आहे. यंत्र सांपडल्याबरोबर त्याची कळ दाबावयाची नाहीं. पन्नास वर्षें स्वस्थ पडलेल्या यंत्रांत एकदम वीज सोडणें म्हणजे दीर्घकाळ उपाशी माणसास पंक्तीस बसविणें होय. प्रथम प्रत्येक कार्डाचें छायाचित्र घ्यावयाचें आणि तें कोणत्या खोबणींत होतें याची नोंद करावयाची. मग धूळ, उंदरांचीं घरटीं व गंज यांचा निकाल लावावयाचा. पंख्यांच्या व तबकडीयंत्रांच्या गाळण्यांत बसविलेला फेस या अवधींत चिकट काळा चिखल बनलेला असतो. तो तसाच राहिला तर त्याचे कण तबकडीवर जाऊन वाचणाऱ्या शीर्षाचा व तबकडीचा एकाच क्षणीं नाश करतात.

दुसरें काम वीजपुरवठ्याचें. जुन्या रेडिओची दुरुस्ती ज्यांनीं पाहिली आहे, त्यांना इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर ठाऊक असतो. त्याच्या आंत ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो, व तो थर वीज अडवून धरतो. वर्षानुवर्षें वीज न मिळाल्यास हा थर विरतो. अशा वेळीं पूर्ण दाब दिला तर कंडेन्सर तापून फुटतो. परंतु मोठ्या रोधकामधून थोडाथोडा दाब वाढवीत नेला तर तो थर आपोआप पुन्हां जमतो. तासांमागून तास चालणारें हें काम औषधाची मात्रा चढविण्यासारखें आहे. कॅलिफोर्नियांतील माउंटन व्ह्यू येथील संगणक-इतिहास संग्रहालयांत पी.डी.पी.-१ चा जो जीर्णोद्धार २००६ पर्यंत पुरा झाला, त्यांत जुने कंडेन्सर सरसकट न फेंकतां याच रीतीनें पुन्हां उपयोगांत आणले. पुरवठा नीट झाल्यावरही त्याला प्रथम यंत्र जोडीत नाहींत. यंत्राच्या जागीं साधे दिवे किंवा रोधक जोडून पांच व्होल्टांच्या ठिकाणीं पांचच व्होल्ट मिळतात कीं नाहीं, हें पाहतात. कारण सहा-सात व्होल्टांचा एक झटका शेंकडों चिपांना क्षणांत मारूं शकतो, आणि त्या चिपांपैकीं कांहीं आतां पैसे टाकूनही मिळत नाहींत.

तिसरें व सर्वांत नाजूक काम बॅकप्लेनचें. येथें दोन गोष्टी नवशिक्यास चकवितात. पहिली गोष्ट अशी कीं, राजरस्त्यावर बोलण्याची परवानगी प्रोसेसराकडून निघते व एका कार्डाकडून पुढच्या कार्डाकडे हातोहात जाते. गांवांत आग लागली असतां विहिरीपासून घरापर्यंत माणसें रांगेनें उभीं राहून घागरी पुढें देतात, तशी ही रीत आहे. रांगेंतील एक जागा मोकळी राहिली तर घागर तेथेंच अडते. म्हणून रिकाम्या खोबणींतही एक चिमुकलें कार्ड बसवावें लागतें. त्याला स्वतःचें कांहीं काम नसतें, आलेली परवानगी तें नुसती पुढें देतें. शिवाय स्मृतिकोशाशीं थेट व्यवहार करणाऱ्या कार्डांसाठीं मागच्या खिळ्यांवर एक लहान तार प्रत्येक खोबणीस असते. कार्ड बसविलें कीं ती काढावयाची आणि कार्ड काढलें कीं परत लावावयाची. ही एक तार विसरली गेल्यामुळें यंत्र मुकें बसतें व दुरुस्ती करणारा मात्र निर्दोष कार्डांवर संशय घेत आठवडे घालवितो.

दुसरी गोष्ट रस्त्याच्या टोकांची. डोंगरांत घातलेली साद कड्यावर आपटून परत येते, तसा तारेंतून धांवणारा संदेश तारेच्या मोकळ्या टोकावरून परत फिरतो आणि मागून येणाऱ्या संदेशांत गोंधळ उडवितो. यासाठीं रस्त्याच्या दोन्ही टोकांस रोधकांचें एकेक कार्ड बसवितात. तें येणारा संदेश गिळून टाकतें. दोहोंपैकीं एक नसलें तरी यंत्र कधीं चालतें, कधीं चालत नाहीं. सरळ बंद पडलेल्या यंत्रापेक्षां असें लहरी यंत्र अधिक सतावतें.

एवढें झाल्यावर मग प्रोसेसर कार्डांची पाळी. पी.डी.पी.-११ च्या दर्शनी भागावर कळांची व दिव्यांची रांग असते. कळा वरखालीं करून एकेक आंकडा स्मृतिकोशांत घालतां येतो व दिव्यांवर तो वाचतां येतो. अष्टमान पद्धतीनें ०००७७७ हा आंकडा घातला, तर त्याचा अर्थ ‘आहेस तेथेंच पुन्हां ये’ असा होतो. यंत्र हा एवढा हुकूम पाळूं लागलें, तर हृदय चालूं झालें असें समजावें. त्याहून मौजेचा हुकूम ०१४७४७ हा होय. स्मृतिकोशाच्या वरच्या टोकाशीं तो एकदां लिहिला कीं, तो आपलीच नक्कल खालच्या घरांत लिहितो. मग ती नक्कल हुकूम बनून आपली नक्कल त्याच्याही खालीं लिहिते. आणि असें करीत करीत सबंध स्मृतिकोश त्या एकाच आंकड्यानें भरून जातो. एका ओळीच्या या प्रोग्रॅमानें प्रोसेसर, राजरस्ता व स्मृतिकोश या तिघांचीही परीक्षा होते. जेथें नक्कल थांबते, तेथें रोग आहे.

स्मृतिकोशाविषयीं दोन शब्द अधिक सांगणें अवश्य आहे. त्या काळच्या यंत्रांत स्मृतिकोश म्हणजे फेराइटच्या सूक्ष्म मण्यांचें विणकाम असे. चार हजार शब्दांच्या, नेमकें सांगावयाचें तर ४,०९६ शब्दांच्या, एका संचांत ६५,५३६ मणी असत, व प्रत्येक मण्यांतून बारीक तारा हातानें ओंवलेल्या असत. मण्याचें चुंबकत्व एका दिशेनें असलें तर शून्य, उलट दिशेनें असलें तर एक. त्यांत नवल असें कीं, वाचतांना अक्षर पुसलें जातें. पाटीवरील अक्षर वाचतांच नाहींसें व्हावें व वाचणारानें तें तत्काळ पुन्हां लिहावें, तसा हा खेळ सेकंदास लक्षावधि वेळां चालतो. परंतु वीज गेली तरी मण्यांतील अक्षर जात नाहीं. म्हणजे यंत्र ज्या दिवशीं शेवटचें बंद झालें, त्या दिवशींचा मजकूर त्यांत अजून असणें संभवनीय असतें. म्हणून जाणता माणूस परीक्षेचे आंकडे घालण्यापूर्वीं आधीं आंत काय लिहिलें आहे तें वाचण्याचा यत्न करतो. थडग्याचा दगड घासण्यापूर्वीं शिलालेखाचा ठसा घेण्यासारखेंच हें आहे.

आतां मूळ प्रश्नाकडे वळतां येईल. समजा, अशा यंत्राचें प्रोसेसर कार्ड कायमचें निकामी झालें आहे. तेंच कार्ड कोठेंही मिळत नाहीं. मात्र त्याच खोबणींत बसणारें, तेच हुकूम पाळणारें, दहा वर्षांनंतर दुसऱ्या कारखान्यानें बनविलेलें कार्ड हातीं आलें आहे. तें बसवावें कीं नाहीं?

एक पक्ष म्हणतो, बसवावें. बॅकप्लेन व राजरस्ता यांची योजना मुळीं कार्डें बदलतां यावींत म्हणूनच झाली होती. यंत्र वापरांत असतांना त्याच्या मालकांनींही नवीं कार्डें घालून त्याचा वेग वाढविला होता. तेव्हां जुळतें कार्ड घालणें हें यंत्राच्या स्वभावाशीं सुसंगतच आहे. दुसरा पक्ष म्हणतो, १९७२ च्या कपाटांत १९८४ चें काळीज घातलें तर दर्शनी दिवे जुने दिसतील, पण पाहणाऱ्याची फसवणूक होईल. जुनें यंत्र किती मंद होतें, त्याचें गणित किती लहान लहान चिपांत वांटलेलें होतें, तें कोठें अडत होतें, हाच इतिहास. आणि तोच नेमका बदललेल्या कार्डाबरोबर बाहेर जातो.

दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे; आणि जुळतें कार्ड म्हणजे सर्वस्वीं जुळतें कार्ड नव्हे, ही तिसरी अडचण दोघांसही सोडवावी लागते. क्यू-बसच्या पहिल्या बॅकप्लेनांत पत्त्याच्या १८ वाटा होत्या. पुढील कार्डें २२ वाटा धरून बनलीं. नवें कार्ड जुन्या वाड्यांत बसतें, चालतेंही; परंतु स्मृतिकोशाचा २५६ किलोबाइटांपलीकडचा भाग त्यास मिळत नाहीं, कारण तिकडे जाणाऱ्या चार वाटाच बांधलेल्या नाहींत. कोणी मागच्या खिळ्यांवर चार नव्या तारा ओढून त्या बांधतात; पण मग वाडाही मूळचा राहत नाहीं. कांहीं बॅकप्लेनांत खोबणींचा एक अर्धा भाग राजरस्त्याशीं न जोडतां शेजारच्या कार्डाशीं खाजगी बोलण्यासाठीं राखलेला असतो. दिसावयास सर्व खोबणी सारख्याच. परंतु एका जातीचें कार्ड दुसऱ्या जातीच्या खोबणींत गेलें, तर तें कायमचें जळूं शकतें. घरांत कोण कोणत्या खोलींत राहतो, हें कारागिरास आधीं माहीत असलें पाहिजे.

संग्रहालयांतील अनुभवी मंडळींनीं या वादांतून जो मार्ग काढला आहे, तो देवळांच्या जीर्णोद्धारासही लागू पडावा असा आहे. त्याचे नियम थोडके आहेत. जें करावें तें परत फिरवितां येईल असें करावें. मूळ भाग काढला तर तो फेंकूं नये, चिठी लावून यंत्राबरोबरच ठेवावा. काय बदललें, केव्हां बदललें व कां बदललें, याची लेखी नोंद असावी. आणि नवा भाग नवा म्हणून ओळखूं यावा. त्यास जुनेपणाचा खोटा रंग देऊं नये. या नियमांनीं वागलें असतां जुळतें कार्ड हें यंत्रास लावलेल्या कुबडीप्रमाणें होतें. कुबडीनें माणूस चालतो, पण कुबडी म्हणजे पाय असें कोणी म्हणत नाहीं. आणि उद्यां खरा पाय सांपडला तर कुबडी बाजूस ठेवतां येते.

तरीही एक शंका उरते. हा सारा खटाटोप कशाला? आजच्या साध्या संगणकावर पी.डी.पी.-११ चें हुबेहूब सोंग आणणारे प्रोग्रॅम मिळतात. त्या कंपनींतीलच एक वरिष्ठ अधिकारी बॉब सप्निक यांनीं १९९३ पासून रचलेला ‘सिम्ह’ हा त्यांतील प्रसिद्ध होय. या बहुरूपी प्रोग्रॅमाची उपयुक्तता खरोखर मोठी आहे. आजच्या बहुतेक संगणकांच्या मुळाशीं असलेली ‘युनिक्स’ ही व्यवस्था केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनीं बेल प्रयोगशाळेंत वाढविली, ती पी.डी.पी.-११ च्या अंगावर. सी ही भाषाही तेथेंच रूपास आली. त्या युनिक्सच्या पहिल्या आवृत्तीचा गाभा लुप्त झाला असें वाटत होतें. १९७२ सालचा एक छापील कागदी उतारा हातीं आला, तो अक्षर न् अक्षर तपासून पुन्हां संगणकांत घातला गेला आणि २००८ सालीं तो गाभा सोंग घेतलेल्या पी.डी.पी.-११ वर पुन्हां चालला. लोखंडाच्या यंत्रास हात न लावतां हें साधलें.

परंतु बहुरूप्याला राजाचें सोंग कसें घ्यावें, हें कळण्यासाठीं कोणी तरी खरा राजा पाहिलेला असावा लागतो. यंत्राच्या पोथ्यांत जें लिहिलें आहे व यंत्र प्रत्यक्षांत जें करतें, यांत ठिकठिकाणीं अंतर असतें, आणि तें अंतर चालत्या यंत्रावरच कळतें. जुन्या फिती व तबकड्या वाचण्यासाठींही जुनीं यंत्रेंच लागतात. शिवाय हीं यंत्रें सर्वस्वीं निवृत्त झालेलीं होतीं असेंही नव्हे. कॅनडांतील अणुविद्युत्-केंद्रांत यंत्रमानव चालविण्याचें काम पी.डी.पी.-११ कडे असून तें २०५० पर्यंत चालूं ठेवावयाचें आहे, आणि त्यासाठीं ती जुनी विद्या जाणणारीं माणसें पाहिजे आहेत, असें २०१३ सालीं प्रसिद्ध झालें होतें. जें यंत्र अणुभट्टीच्या सेवेंत आहे, त्याला जुळतें कार्ड मिळतें कीं नाहीं हा कांहीं छांदिष्टांचा प्रश्न नव्हे.

या ठिकाणीं ट्रॉम्बेचा मुद्दा पुन्हां समोर येतो. यंत्राचे सांधे पन्नास वर्षें टिकतात; तो सांधा तसा कां बांधला, हें सांगणारी स्मृति तितकी टिकत नाहीं. कंडेन्सराचा थर हळूहळू दाब देऊन परत जमवितां येतो, माणसाच्या मनांतून विरलेली माहिती तशी परत जमत नाहीं. मेनार्डच्या यंत्रांच्या पोथ्या, आराखडे व प्रोग्रॅम अनेकांनीं हौसेनें जपले, म्हणून त्यांचा जीर्णोद्धार शक्य झाला. भारतांत बनलेल्या पहिल्या संगणकांविषयींही तेंच करावयाचें असेल, तर अडगळींतील आराखडे भंगारांत जाण्यापूर्वीं आणि ज्यांनीं ते आंखले त्यांच्याशीं बोलण्याची संधि निघून जाण्यापूर्वीं तें झालें पाहिजे. ज्या घरांत एखादा वृद्ध एंजिनियर आहे व ज्याच्या कपाटांत पिवळे पडलेले कागद आहेत, त्या घरास हें काम आजच करतां येण्यासारखें आहे. त्यास ना वर्गणी लागते, ना संग्रहालय. एक वही आणि ऐकून घेण्याची सवड पुरते.

जीर्णोद्धार या शब्दाचा सामान्य अर्थ जुन्याला नवें करणें असा समजतात. या यंत्रांच्या कथेवरून तो अर्थ थोडा बदलावासा वाटेल. जुन्याला नवें करणें सोपें आहे. नवें कार्ड आणलें कीं तें होतें. जुन्याला जुनेंच ठेवून चालतें करणें, त्यांत काय मूळचें व काय मागाहूनचें हें प्रामाणिकपणें लिहून ठेवणें, आणि पुढच्या कारागिरासाठीं वाट मोकळी ठेवणें, हें कठीण आहे. बॅकप्लेनवरील तें बिनकामाचें दिसणारें चिमुकलें कार्ड स्वतः कांहीं करीत नाहीं, मागून आलेलें पुढें देतें, एवढेंच. परंतु तें नसलें तर सबंध यंत्र थांबतें. प्रत्येक पिढीच्या वांट्यास इतिहासाच्या रांगेंतील अशी एक खोबण येत असते, आणि ती रिकामी न ठेवणें हें तिचें पहिलें कर्तव्य होय.